कितपत येतं आणि कुणाच्या हातून

नऊ वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणं लावता येतात का? आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंही देता येतं आणि 'नाही' असंही, आणि दोन्ही खरी असतात. चिनू बटणं लावतो. वरचं बटण मी काजात अर्धं सरकवून देते, तो ते पलीकडून ओढून घेतो. दुसऱ्या बटणाशी खिडकीबाहेर एखादी गाडी दिसते आणि हात थांबतो. मी हाक मारते, मग हनुवटीला बोट लावून मान वळवते, मग 'खालचं' म्हणते. तिसरं बटण चौथ्या काजात जातं. ते काढायला तो तयार नसतो, कारण त्याच्या लेखी ते लागलेलं असतं. मग गाणं म्हणत म्हणत ते काढायचं. शाळेला निघतो तेव्हा शर्ट नीट असतो, केस विंचरलेले असतात, आणि रस्त्यात भेटणाऱ्याला एक हसरा, टापटीप मुलगा दिसतो. त्यामागचा पाऊण तास कुणालाच दिसत नाही.

चिनूच्या अपंगत्व-भत्त्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करताना मला हा पाऊण तास कागदावर आणायचा होता.

आम्ही लंडनच्या पश्चिमेला राहतो. चिनूच्या डॉक्टरांच्या पत्रात 'लर्निंग डिसॅबिलिटी' असं लिहिलेलं आहे. भारतात हे ऐकलं की लोकांना डिस्लेक्सिया आठवतो. इथल्या आरोग्य सेवेत मात्र ते बौद्धिक अक्षमतेबद्दल असतं. समजणं, लक्षात ठेवणं, वेळेचा, पैशाचा, धोक्याचा अंदाज येणं, स्वतःचं रोजचं आवरणं हे सगळंच वयाच्या मानाने खूप मागे.

अशा मुलांसाठी इथे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे डीएलए, असतो. 1992 पासूनचा हा भत्ता. इंग्लंड-वेल्समध्ये आता नव्याने तो फक्त सोळा वर्षांखालच्या मुलांसाठीच मागता येतो. मोठ्यांसाठी 2013 पासून पिप, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आलं, आणि स्कॉटलंडने 2021 पासून मुलांसाठी स्वतःचा निराळा भत्ता सुरू केला. डीएलएसाठी आईवडिलांचं उत्पन्न बघत नाहीत, त्यावर कर लागत नाही, आणि तो निदानाच्या नावावरही ठरत नाही. त्याचे दोन भाग. एक काळजीचा: 2025-26 च्या दराने आठवड्याला 29.20, 73.90 किंवा 110.40 पौंड. दुसरा घराबाहेर फिरण्याचा: 29.20 किंवा 77.05 पौंड. काळजीचा सर्वात खालचा दर दिवसातला काही वेळ मदत लागणाऱ्यांना. मधला दर दिवसभर वारंवार मदत किंवा सतत लक्ष लागत असेल तर, किंवा ती गरज फक्त रात्रीची असेल तर. वरचा दर दिवस आणि रात्र दोन्ही असेल तर.

चिनूला काळजीचा सर्वात खालचा दर मंजूर झाला. फिरण्याचा भाग नामंजूर.

पत्रात कारण दोन ओळींचं होतं. मुलाला काही मदत लागते हे मान्य आहे, परंतु ती त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा फार जास्त आहे असं दिसत नाही. आधाराला शाळेकडून आलेली माहिती.

अशा पत्राने माणूस दुखावतो, पण मला त्याच पत्रामुळे कायदा उघडून बघावासा वाटला, आणि तो बघितल्यावर मला धीर आला. हे मी मनापासून लिहिते आहे. 1992 च्या कायद्याच्या बहात्तराव्या कलमात मुलांसाठी जी कसोटी आहे तिला दोन पाय आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असतो: त्याच वयाच्या मुलाला साधारणपणे लागते त्यापेक्षा बरीच जास्त मदत लागली पाहिजे. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो असा, की मुलाला लागणारी मदत त्याच्याहून लहान, धडधाकट मुलांनाही लागत असेल, पण त्याच्या वयाच्या मुलांना लागत नसेल, तरीही ती धरायची. 'अहो, सगळ्याच मुलांच्या मागे लागावं लागतं' हे वाक्य प्रत्येक पालकाने ऐकलेलं असतं. त्याला कायद्याने तेव्हाच उत्तर देऊन ठेवलंय. तीन वर्षांच्या मुलाचं शी झाल्यावर धुवावं-पुसावं लागतं, हे खरंच. नऊ वर्षांच्या मुलाचं लागत नाही.

आणखी एक गोष्ट कळली. भत्त्याच्या भाषेत मदत म्हणजे हाताने केलेलीच मदत असं नाही. शेजारी उभं राहून एकेक पायरी सांगणं, आठवण करून देणं, लक्ष परत कामावर आणणं, समजूत घालणं, हेही धरलं जातं. मात्र ते शरीराच्या नेहमीच्या क्रियांशी जोडलेलं हवं. म्हणजे खाणं, झोपणं, कपडे, शौच, चालणं, बघणं, ऐकणं, बोलणं. स्वयंपाक आणि खरेदी यांत येत नाही. 1981 साली लॉर्ड डेनिंग यांनी एका निकालात ही रेघ ओढली आणि ती अजून तशीच आहे. चिनूसारख्या मुलाची तीन चतुर्थांश मदत तोंडीच असते. 'टोपण काढ. आता ब्रश ओला कर. वरचे दात. अजून वरचे.' मी ब्रशला हातही लावलेला नसतो, तरी दातांना ब्रश लागलेला असतो तो माझ्यामुळे.

अपिलाची पहिली पायरी म्हणजे ज्या खात्याने निर्णय दिला त्यालाच तो परत तपासायला सांगणं. 2013 पासून ही पायरी सक्तीची आहे, ती वगळून ट्रायब्युनलकडे जाता येत नाही. निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्यात मागावी लागते. आम्ही मागितली. उत्तर आलं, त्यात पहिल्याच पत्रातली वाक्यं जागा बदलून बसली होती. खूपजण इथेच सोडून देतात. मला वाटतं, ही पायरी निर्णय सुधारण्यापेक्षा माणसं गाळण्याचंच काम जास्त करते. दोनदा 'नाही' ऐकलं की आपण उगाच मागतोय असं वाटू लागतं. पण ट्रायब्युनल वेगळं आहे. फर्स्ट-टियर ट्रायब्युनल न्यायव्यवस्थेचा भाग आहे, भत्ता देणाऱ्या खात्याचा नाही, आणि तिथे सगळं पहिल्यापासून बघतात. फेरतपासणीच्या पत्रानंतर पुन्हा एक महिना, अर्ज कागदावर किंवा ऑनलाइन, फी काही नाही.

तरी आमचं पाऊल अडलं. सगळं पहिल्यापासून बघतात म्हणजे मिळालेला खालचा दरही पुन्हा तपासला जाऊ शकतो, आणि ट्रायब्युनल तो काढूनही घेऊ शकतं. ओळखीतले लोक म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागता? नवऱ्याला ते पटत होतं. आमची बरीच संध्याकाळ-रात्र या एका प्रश्नावर गेली. मी सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये, म्हणजे फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत, जाऊन बसले. तिथल्या बाईंनी सगळे कागद वाचले आणि एकच विचारलं, "खालचा दर काढायला त्यांना या कागदांत काय सापडेल?" काहीच नव्हतं. आम्ही सही केली. सही चिनूच्या वतीने माझी. कागदोपत्री भत्ता त्याचा असतो, आईवडील त्याच्यातर्फे बघणारे.

काही आठवड्यांनी खात्याचं उत्तर टपालाने आलं. जाडजूड गठ्ठा, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात क्रमांक. आमचा मूळ अर्ज, डॉक्टरांचं पत्र, आणि मधे शाळेने भरून पाठवलेली पानं. ती मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. कपडे: थोडक्या मदतीने बदलतो. जेवण: वर्गाबरोबर जेवतो. सुरक्षितता: शाळेच्या आवारात अडचण नाही. एकंदर: आनंदी मुलगा, चांगली प्रगती.

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच मला ती पानं पुन्हा पुन्हा वाचावी लागली. चिनू शाळेत आनंदी असतो. त्याची प्रगती होते, त्याच्यासाठी आखलेल्या उद्दिष्टांच्या मानाने. वर्गाबरोबर जेवतो, पण शेजारी त्याची सहायक बाई बसलेली असते, घास किती मोठा घ्यायचा ते सांगते, दुसऱ्याच्या ताटात हात जायच्या आधी तो हलकेच वळवते. आवारात अडचण नाही, कारण आवाराला कुंपण आहे आणि फाटकाला वरच्या बाजूला कडी. त्या बाई त्यांच्या कामात इतक्या तरबेज आहेत की त्यांचं काम कागदावर उमटलंच नाही. चिनूभोवतीच्या सगळ्यांचंच असं होतं. मदत जितकी वेळेवर आणि जितकी मायेची, तितकं मूल बाहेरून सावरलेलं दिसतं. आणि ते सावरलेपण पाहून कुणीतरी टेबलामागे बसून ठरवतं की याला मदत लागत नाही. हे मला अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. मदत काढून घेतल्याशिवाय गरज सिद्धच होणार नसेल, तर आईने काय करायचं? मुलाला एक दिवस रस्त्यावर सोडून दाखवायचं?

सुदैवाने आमच्याकडे दुसरा एक कागद होता. चिनूला ईएचसीपी आहे, म्हणजे 2014 च्या कायद्याखाली स्थानिक कौन्सिलने मान्य केलेला त्याच्या शिक्षणाचा, आरोग्याचा आणि देखभालीचा आराखडा. त्याच्या 'एफ' विभागात शाळेने काय काय द्यायचं ते लिहिलेलं असतं, आणि ते मोघम लिहून चालत नाही. दिवसातले किती तास एका माणसाने फक्त त्याच्यापाशी थांबायचं, जेवणाच्या सुट्टीत कोण, कपडे बदलताना कोण. म्हणजे एक सरकारी कागद म्हणत होता, या मुलाला दिवसभर माणूस लागतो, आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करत होता. दुसरा सरकारी कागद म्हणत होता, वयाच्या मानाने फार काही नाही. मी दोन्हींमधली वाक्यं एका पानावर समोरासमोर मांडली. शाळेलाही भेटले. वर्गशिक्षिकेला तिच्या 'थोडक्या मदतीने'चा असा उपयोग झाल्याचं कळल्यावर तिचे डोळे भरून आले. तिने दुसरं पत्र दिलं. त्यात विशेषणं नव्हतीच, फक्त सकाळी पावणेनऊपासून सव्वातीनपर्यंत सहायक बाई काय काय करते ते ओळीने.

त्या दिवसांत सासूबाई सांगलीहून आलेल्या होत्या. नोकरीभर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं चौथीचा वर्ग. त्यांना हे अपिलाचं सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. "अगं, पोराचं उणं असं चारचौघांत कशाला मांडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी त्यांना दोष देऊ शकत नाही. आपल्या घरांत आपण असंच वाढलो. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात कुणी चिनूला वाकून विचारतं, 'कितवीत आहेस रे?' आणि त्याने तोंड उघडायच्या आत आई, आजी, बाबा यांपैकी कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असतं. हेही त्याला सावरून घेणंच. यात लाजेपेक्षा माया जास्त असते. कुणी त्याच्याकडे त्या नजरेने बघू नये, एवढंच.

एके दुपारी मी त्यांना कायद्यातला तो दुसरा पाय मराठीत सांगितला. त्याच्या वयाच्या मुलाला लागत नाही, पण लहान मुलाला लागते अशी मदत. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे मला लिहिता येईल. चौथीचं पोर काय करतं, ते मला कुणी सांगायला नको."

त्यांनी वहीचं पान मधोमध दुमडून घडीची रेघ पाडली, जशी शाळेत करायच्या. डावीकडे चौथीचं मूल, उजवीकडे चिनू. अक्षर वळणदार, वाक्यं आखूड.

'चौथीचं मूल वेळापत्रक बघून दप्तर भरतं. चिनू हाताला लागेल ते घालतो. टीव्हीचा रिमोट, बटाटा.'

'चौथीचं मूल दुकानातून पुडा आणून उरलेले पैसे मोजून देतं. चिनूच्या हातात नोट दिली तर समोरच्याला देऊन टाकतो आणि निघतो.'

'चौथीच्या मुलाला रात्र आहे हे अंधारावरून कळतं. चिनू दोन वाजता उठून शाळेचा सदरा घालतो.'

'चौथीचं मूल अनोळखी माणसाबरोबर जात नाही. चिनू कुत्रा घेऊन चाललेल्या कुणाबरोबरही जाईल.'

अशी पानंच्या पानं. शेवटच्या काही पानांवर रात्रींचा हिशेब: किती वाजता उठला, कोण उठलं, किती वेळाने झोपला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या तशाही रात्री जाग्याच असायच्या. मी सगळ्याचं इंग्रजी केलं, वहीच्या पानांच्या प्रती वर जोडल्या. ट्रायब्युनल कुणाचंही म्हणणं पुरावा म्हणून वाचू शकतं. डॉक्टरच हवा असं नाही, आजी चालते.

वही लिहिताना त्या एकदा म्हणाल्या की आपल्याकडे हे असं विचारतच नाहीत. खरं आहे. सांगलीला नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलीसाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये प्रमाणपत्र काढलं, तेव्हा सगळा प्रश्न टक्क्यांचा होता. 2016 च्या कायद्याने चाळीस टक्क्यांची मर्यादा ठेवलीय, बहुतेक सवलती त्यापुढे. मान्य नसेल तर तिथेही एकोणसाठाव्या कलमाखाली अपील आहे. बुद्ध्यांक मोजतात, वागण्या-आवरण्याची चाचणी घेतात, आणि मुलीच्या गळ्यात एक आकडा पडतो. तिला आंघोळ कोण घालतं, तिच्यासाठी आईने कोणती नोकरी सोडली, ते त्या आकड्यात कुठे येत नाही. इथला निर्णय आमच्या विरुद्ध गेला होता, तरी इथला प्रश्न मला जास्त माणुसकीचा वाटतो: या मुलासाठी दुसऱ्या माणसाला दिवसात किती वेळ उभं राहावं लागतं?

सुनावणी एका साध्या खोलीत झाली. टेबल, पाण्याचा जग, तीन माणसं: न्यायाधीश, एक डॉक्टर, आणि अपंगत्वाचा अनुभव असलेले एक सदस्य. झगे नाहीत, विग नाहीत. खात्यातर्फे कुणी आलं नव्हतं. चिनूला नेलं नव्हतं. लहान मुलाला आणावं लागत नाही, आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल हे सगळं बोलणं मला जमलंही नसतं.

प्रश्न बारीक होते. डॉक्टरांनी सकाळपासून सुरुवात केली. उठवायचं कोण, उठल्यावर पहिलं काय, संडासला स्वतः जातो की सांगावं लागतं, नंतरचं कोण करतं. मी भरभर बोलायला लागले की न्यायाधीश थांबवून विचारत, "हे आत्ताचं की निर्णय झाला तेव्हाचं?" कायद्याने ट्रायब्युनलला फक्त निर्णयाच्या तारखेची परिस्थिती बघता येते. नंतर सुधारलं किंवा बिघडलं ते बाजूला ठेवावं लागतं. तिसरे सदस्य बराच वेळ लिहीत होते. त्यांनी शेवटी विचारलं, "तुम्ही नसलात, किंवा क्षणभर बघितलं नाहीत, तर काय होतं?"

मी त्यांना कचऱ्याच्या गाडीचं सांगितलं. मंगळवारी सकाळी ती आमच्या गल्लीत येते आणि चिनूचा तिच्यावर फार जीव. अर्ज करायच्या आदल्या महिन्यात त्याने खुर्ची ओढत दाराशी नेली, वर चढून कडी काढली आणि अनवाणी बाहेर गेला. गाडी मागे येत होती. मागे येताना ती जो आवाज करते तो त्याला आवडतो, म्हणून तो तिच्या बरोबर मागे जाऊन उभा राहिला होता. कचरा उचलणाऱ्या माणसाने त्याला बघितलं, हात उंच करून गाडी थांबवली आणि त्याला कडेवर घेऊन दारात आणून दिलं. नऊ वर्षांचा मुलगा, कडेवर. त्या माणसाचे हात थरथरत होते, आणि चिनू त्याला विचारत होता, 'अगेन?'

खोलीत कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी आजीच्या वहीची पानं उलटली. "या बाई शिक्षिका आहेत का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "दिसतंय," ते म्हणाले.

आम्हाला बाहेर बसवलं आणि थोड्या वेळाने परत बोलावलं. काळजीचा मधला दर, फिरण्याचा खालचा दर, दोन्ही मूळ अर्जाच्या तारखेपासून. दिवसभर वारंवार लागणारी मदत मान्य. अनोळखी रस्त्यावर त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त सोबत लागते, हे मान्य. रात्रीचं मात्र मान्य झालं नाही. आजीच्या वहीतल्या रात्री निर्णयानंतरच्या होत्या, आणि त्याआधीही बहुतेक रात्री तसंच होतं याचा लेखी आधार आमच्याकडे माझ्या शब्दापलीकडे नव्हता. मला ते लागलं. पण त्यांनी तसं का ठरवलं ते मला समजलं, आणि न समजता मिळालेल्या पहिल्या नकारापेक्षा हे कितीतरी बरं होतं. नवऱ्याने गाडीत बसल्यावर सांगलीला फोन लावला. तोवर त्या परत गेल्या होत्या. "रात्रीचं नाही मानलं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि "वही चालू ठेव" म्हणाल्या.

पैशांचं स्पष्ट लिहिते, कारण आपल्यात त्याबद्दल फार संकोच. 2025-26 च्या दराने दोन्ही मिळून आठवड्याला 103.10 पौंड होतात. त्याखेरीज काळजीचा मधला किंवा वरचा दर मिळाला की सांभाळणाऱ्याला केअरर्स अलाउन्स मागता येतो: आठवड्याला 35 तास देत असाल आणि तुमची कमाई मर्यादेच्या आत असेल तर, 2025-26 च्या दराने 83.30 पौंड. मी अर्धवेळ नोकरी करते, मर्यादेत बसते. या पैशातून वाचा-उपचाराची खाजगी बाई येते, जी आधी फक्त आमच्या बोलण्यात होती. ओल्या झालेल्या गाद्या, चावून फाटलेल्या कॉलरचे सदरे, पोहण्याच्या वर्गात त्याच्याबरोबर पाण्यात उतरणारा माणूस, हे सगळं यातूनच. आणि भारतात जाणाऱ्यांसाठी एक: सुट्टीला म्हणून गेलात तर भत्ता साधारण तेरा आठवडे चालू राहतो, पण जाण्याआधी कळवावं लागतं. सांगलीचा मुक्काम आम्ही त्या हिशेबानेच आखतो.

एक गोष्ट बोचते. आपल्यापैकी अनेकजण इथे वर्क व्हिसावर आहेत, आणि त्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून काही घेता येणार नाही अशी अट आहे. डीएलए त्या यादीत आहे. कायमस्वरूपी राहण्याची परवानगी मिळेपर्यंत त्यांच्या मुलासाठी हे दार बंदच, मग मुलाची गरज चिनूपेक्षा दुप्पट का असेना. आणि कर तर ते आमच्याइतकाच भरतात. अशा घरांत चुकून अर्ज केला तर व्हिसाला धक्का लागू शकतो, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून फॉर्म भरू नका; आधी व्हिसा आणि भत्ते दोन्ही जाणणाऱ्या सल्लागाराला विचारा. मुलाच्या शाळेतली मदत आणि ईएचसीपी मात्र त्या बंदीत येत नाहीत. ते मागा. आजच मागा. ज्यांना अर्ज करता येतो त्यांच्यासाठी सेरेब्रा या संस्थेची डीएलएवरची पुस्तिका आहे, फुकट मिळते, आणि फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते तिच्याइतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही.

निकालाला मुदत असते. आमची संपत आली आणि नवा फॉर्म घरी आला आहे, चाळीसेक पानांचा. या मधल्या काळात चिनू काही गोष्टी शिकला. सकाळी वाटीत दूध आणि सीरियल स्वतः घेतो, सांडलं तर फडकं आणतो. त्यावरून घरात वाद झाला. नवरा म्हणाला, हे लिहिलं तर तेच धरून बसतील. मी म्हटलं, लिहायचं. पोराने वर्षभर खपून ते मिळवलंय, ते मी लपवणार नाही. खाण्याच्या पानावर मी लिहिलं की वाटी-दूध-सीरियल तो स्वतः घेतो, आणि गरम दूध, सुरी, गॅस यांच्या जवळपास असताना कुणीतरी स्वयंपाकघरात लागतंच. झोपेच्या पानाला वेगळा कागद जोडला. रात्रींच्या तारखा यावेळी वर्षभराच्या आहेत, अर्धं अक्षर माझं आणि अर्धं सासूबाईंचं.